टिकली वाढवा

मराठी माणूस मोडत नाही, फोडत नाही आणि विझवत नाही, तो वाढवतो. नारळ वाढवतो, बांगडी वाढवतो, दिवा वाढवतो, दिवसभराचा धंदा आटोपला की दुकानसुद्धा वाढवतो. मंगळसूत्र तुटलं तरी ते वाढलं म्हणायचं, अशी ताकीद मला लहानपणीच मिळाली होती. जे तोंडानं उच्चारवत नाही त्याच्यासाठी आपल्या भाषेनं हे क्रियापद राखून ठेवलंय, आणि मला त्याचं केवढं कौतुक होतं! त्या एका क्रियापदामुळे मला शाल मिळाली, मानपत्र मिळालं, आणि माझा नवरा गेला.

मी हेमांगी सबनीस. मिरजेच्या एका हृदयसंशोधन संस्थेत जीवरसायनाचं काम करते. एकतीस वर्षं साखर या एकाच विषयात घालवली. डब्यातली साखर नव्हे, पेशीतली.

आपण खातो ती साखर जळणासाठी वापरली जाते, एवढं शाळेत शिकवतात. पण त्यातला थोडा वाटा, शंभरातले दोनतीन भाग, पेशी बाजूला काढते. त्यापासून साखरेचा एक बारीक कण बनतो आणि तो पेशीतल्या प्रथिनांवर ठिकठिकाणी चिकटतो. कण चिकटला की प्रथिनाचं वागणं बदलतं. हृदयाच्या पेशीत कॅल्शियमची ये-जा सांभाळणारी प्रथिनं आहेत, आकुंचन घडवणारी आहेत, ठोक्याची लय राखणारी आहेत. या सगळ्यांवर हे कण बसतात आणि उठतात. एक विकर, म्हणजे एन्झाइम, कण लावतं, दुसरं काढतं, आणि हे लावणं-काढणं आयुष्यभर चालू असतं. व्याख्यानांत मी त्या कणाला 'टिकली' म्हणायची. लोकांना ते चटकन कळायचं.

गंमत अशी की ही टिकली तारतेही आणि मारतेही. हृदयाचा रक्तपुरवठा अडला की पेशी घाईघाईनं आपल्या प्रथिनांवर टिकल्या लावून घेते, आणि ज्या पेशींना हे पुरेसं जमतं त्या तगतात. म्हणजे एक-दोन दिवसांपुरत्या टिकल्या हव्यातच. पण मधुमेह असलेल्या माणसाच्या पेशींत साखर सतत उतू जाते, टिकल्या वर्षानुवर्षं बसून राहतात, कॅल्शियमचं काम अडतं, हृदय आकसतं पण नीट सैल होत नाही. हळूहळू ते ताठरतं. लय बिघडली तर एखाद्या दिवशी थांबतं.

आम्ही केलं ते एवढंच. टिकली काढणाऱ्या विकराला थोपवणारं औषध एका गोल, मरून रंगाच्या चिकटपट्टीत भरलं. अँजिओप्लास्टी किंवा बायपासच्या आधी ती छातीवर लावायची. हृदयाला धक्का बसायच्या आत प्रथिनांवर टिकल्या चढलेल्या असायच्या आणि पेशी मरायच्या थांबायच्या. अठ्ठेचाळीस तासांनी पट्टी काढायची. त्याहून जास्त ठेवली की तारणारी गोष्ट मारायला लागते, आणि मधुमेह असेल तर फारच लवकर. पट्टीतल्या चिपवरून रुग्णाच्या फोनला वेळ कळायची आणि फोन बोलायचा: "वेळ झाली. टिकली काढा." हो, लोकांनी माझ्या व्याख्यानातलं नाव उचलून पट्टीलाच दिलं होतं. दिसायलाही ती तशीच होती, जरा मोठी एवढंच.

२०४१ साली आसपासच्या गावांत चाचण्या सुरू झाल्या आणि तिथे सगळं अडलं ते त्या एका वाक्यावर. लोक पट्टी काढेनात. चार-चार, सहा-सहा दिवस तशीच. मी स्वतः चौकशीला गेले. आरगेकडच्या एका घरी अनसाबाई नावाच्या बाईंनी मला उंबऱ्यातच उभं केलं. त्यांचे यजमान आत बाजेवर बसून शेंगा सोलत होते, छातीवर सहा दिवसांची पट्टी.

"टिकली काढा म्हंता? ह्यो मानूस धडधाकट बसलाय न्हवं माझ्या म्होरं!" अनसाबाई कडाडल्या. "सक्काळधरनं त्या फोनातली बया वरडाय लागलीया, टिकली काढा, टिकली काढा. जीभ झडंल तिची. कणगीत टाकला म्या फोन."

"अहो, कपाळावरची नव्हे. औषधाची पट्टी..."

"आसंल. पन बोलायची काय रीत हाय का न्हाई? तुमी शिकल्याल्या ना?"

त्यांच्या यजमानांना आम्ही त्याच दुपारी मिरजेला आणलं. बारा दिवसांनी ते घरी गेले, वाचले. पण परतताना गाडीत मला अनसाबाईंचं वाक्य टोचत होतं, आणि खरं सांगायचं तर गुदगुल्याही करत होतं. कारण उत्तर मला सापडलं होतं. बांगडी आपण काढत नाही, वाढवतो. मग टिकलीही वाढवावी!

बैठकीत मी हे मांडलं तेव्हा आमचे संचालक घाटगे हसून म्हणाले, "हेमांगीताई, वाढवा म्हटलं की मला पगारवाढ आठवते. गोंधळ नाही ना होणार?"

"तपासून घेऊ," मी म्हणाले.

तपासलं. दोनशे बायकांना विचारलं. एकूण एक बायकांनी बरोबर अर्थ सांगितला, वर "कसं ग्वाड बोलतीया" म्हणून फोनमधल्या बाईचं कौतुक केलं. त्या सगळ्या चाळिशीच्या पुढच्या होत्या आणि खेड्यातल्या होत्या. हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. मला ते महत्त्वाचं वाटलं नाही. मराठी ज्याला येतं त्याला हे कळणारच, आणि ज्याला कळत नाही त्याची मला थोडी चीडच यायची. सूचना बदलली आणि पट्ट्या वेळेवर निघायला लागल्या. वर्तमानपत्रांत त्या शब्दावर लेख आले. पट्टीवर आले नसतील इतके शब्दावर आले.

आता माझ्या घराबद्दल. निनाद, माझा नवरा, म्हैसाळ रस्त्यावर रोपवाटिका चालवायचा. अघळपघळ माणूस. बारा वर्षं मधुमेह, आणि रोज आंब्याच्या कलमांशी गप्पा मारताना खिशातल्या चिक्क्या खाणार. आमची एकुलती एक मुलगी ओवी, सत्तावीस वर्षांची, बंगळूरला आर्किटेक्ट. नाव ओवी आणि शाळा इंग्रजी. हा उद्योग माझाच. निनाद तिला मराठी शाळेत घाला म्हणत होता. मी म्हणाले, घरी मराठी आहेच की. घरी मराठी होतं ते असं, की ती चुकायची आणि मी दुरुस्त करायची. "बाबा, माझी मदत कर" म्हटलं की मी "मला मदत कर" म्हणून थांबवायची, आणि मदत राहूनच जायची. मोठी झाल्यावर ती माझ्याशी शक्यतो इंग्रजीत बोलायची, बाबाशी मात्र तिच्या त्या तुटक्या मराठीत तासन्‌तास.

२०४३च्या फेब्रुवारीत निनादच्या छातीत दुखलं. दोन ठिकाणी अडथळा निघाला. मंगळवारी सकाळी अकराला आमच्याच संस्थेत त्याच्या छातीवर टिकली लावली, मग अँजिओप्लास्टी झाली. उत्तम झाली. ओवी विमानानं आली होती. बुधवारी संध्याकाळी आम्ही त्याला घरी आणलं. पट्टी गुरुवारी अकराला निघायची होती.

गुरुवारी सकाळी अकरालाच पुण्यात माझा सत्कार होता. विज्ञानाला घरगुती मराठी दिल्याबद्दल.

"मी जात नाही," मी म्हणाले. म्हणजे तोंडानं म्हणाले. साडी आदल्या दिवशीच इस्त्री झाली होती.

"जा की," निनाद म्हणाला. "तुझ्या शब्दाचं बारसं आहे. माझी टिकली काय, ओवी काढेल... चुकलो, वाढवेल." आणि आपल्याच विनोदावर हसला.

मला पुढे कित्येकदा वाटलं की त्या वेळी ओवी खोलीत असती तर? ती खाली गाडीत माझी बॅग ठेवत होती.

निघताना मी तिला सांगितलं, "अकराला बाबाचा फोन बोलेल. तो सांगेल तसं करायचं. उशीर करू नकोस, त्याला शुगर आहे." तिनं मान हलवली. पट्टीची डबी उशाशी होती. घामानं सुटली तर म्हणून डबीत तीन जादा पट्ट्या असायच्या, आणि एक माहितीपत्रक. ते मीच लिहिलं होतं.

अकरा वाजून चार मिनिटांनी माझा फोन थरथरला. मी व्यासपीठावर बसले होते, निवेदिका माझा परिचय वाचत होती. ओवीचं नाव दिसलं म्हणून घाबरून मी खाली वाकून फोन घेतला.

"आई, बाबा ठीक आहे. फक्त विचारायचं होतं. टिकली वाढवा म्हणजे एग्झॅक्टली काय करायचं?"

ती ठीक आहे म्हणाली आणि माझ्या भीतीचा एकदम राग झाला. त्याच शब्दासाठी मी तिथे बसले होते, सभागृहात चारशे माणसं होती, आणि माझीच मुलगी मला त्याचा अर्थ विचारत होती. मला वाटलं, खोडी काढतेय. आमचं ते भांडण जुनं होतं.

"सत्तावीस वर्षांची झालीस, एवढं मराठी कळत नाही?" मी दात-ओठ खात कुजबुजले. "लिहिलंय तसं कर." आणि फोन बंद करून पर्समध्ये टाकला.

मग शाल घेतली. भाषणात अनसाबाईंचा किस्सा सांगितला, लोक पोट धरून हसले. आपली भाषा अशुभालाही कशी मायेनं झाकते, असं काहीबाही बोलले. टाळ्या पडल्या.

ओवीनं काय केलं ते तिनं नंतर जसं सांगितलं तसं लिहिते. तिनं बाबाला विचारलं, पण तो गोळीच्या गुंगीत होता. "तुझ्या आईनं लिहिलंय, चुकायचं नाही," एवढंच म्हणाला. मग तिनं माहितीपत्रक काढलं, बोट ठेवत वाचलं. त्यातही सूचना तीच छापली होती, 'टिकली वाढवा.' तिसऱ्या पानावर माझंच वाक्य होतं: 'टिकल्यांचं प्रमाण वाढलं की हृदयाचं रक्षण होतं.' लिहिलंय तसं कर, असं आई म्हणाली होती. डबीत तीन पट्ट्या होत्याच. तिनं एक काढून पहिलीच्या शेजारी लावली.

पहिली पट्टी छातीवर असेपर्यंत फोन दर तीन तासांनी आठवण करायचा. तशी सोय आम्हीच केली होती. दोनला तो म्हणाला, "टिकली वाढवा." तिनं तिसरी लावली. पाचला म्हणाला, चौथी लावली. नवी पट्टी पहिल्या काही तासांत औषध जोरात सोडते. मी सातला घरी पोचले तेव्हा निनाद उशीला टेकून बसला होता, कपाळावर घाम, आणि ओवी त्याला वारा घालत होती.

"बाबाला अनइझी वाटतंय. आत्ताच हॉस्पिटलला फोन केला, ॲम्ब्युलन्स निघालीय," ती म्हणाली. "पण मी सगळं टाइमवर केलं, आई. एकही मिस नाही केली."

मी त्याच्या सदऱ्याची बटणं उघडली. चार पट्ट्या एका ओळीत, सरळ रेषेत लावलेल्या. आर्किटेक्टच ती.

मी काय केलं असेल? मी किंचाळले, "हे काय केलंस तू!"

ते वाक्य परत घ्यायला मी माझी एकतीस वर्षं देईन. निनादनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि हात हलवला, तिला ओरडू नकोस म्हणून. त्या खुणेपलीकडे तो पुन्हा काही बोलला नाही. पट्ट्या मी ओरबाडून काढल्या, पण औषध रक्तात गेलेलं होतं. बारा वर्षांच्या मधुमेहानं आधीच टिकल्यांनी भरलेलं ते हृदय. त्यावर आणखी चढल्या, आणि काढणारं विकर गप्प. लय बिघडली, शॉक देऊन आणली, पुन्हा बिघडली. शनिवारी दुपारी तो गेला.

रीतीप्रमाणे एका वयस्कर बाईंनी पुढे होऊन माझ्या बांगड्या वाढवल्या. "वाढवते," असंच त्या म्हणाल्या. ओवी शेजारी उभी होती. काचा खाली पडताना तिनं पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक झाला. अर्थ तिला तिथे कळला.

मे महिन्यात चौकशी समिती बसली. बाहेरच्या तीन माणसांची, अध्यक्षस्थानी एक निवृत्त न्यायाधीशबाई. जबाब शपथेवर होते. आदल्या दिवशी घाटगेंनी मला बोलावलं.

"ताई, खोटं बोला असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "पण विचारतील तेवढंच सांगा. सूचनेतच दोष निघाला तर पट्टी वर्षभर बंद राहील. तेवढ्यात किती माणसं जातील याचा हिशेब तुम्हीच केलाय ना?"

मी हो म्हणाले. ही माणसं वाचायला हवीत हे खरंच होतं. पण माझ्या गप्प बसण्याचं कारण ते नव्हतं. मला माझा शब्द वाचवायचा होता. आणि त्या दिवशी मुलीला काय उत्तर दिलं, ते चार लोकांत निघू नये असं वाटत होतं.

समितीनं ओवीला बसवून घेतलं. विचारणाऱ्या न्यायाधीशबाईंचा आवाज मवाळ होता. सूचना ऐकली का? ऐकली. अर्थ काय लावला? आणखी लावा, असा. तो अर्थ का लावला? पत्रकात तसं वाचलं.

"अर्थाबद्दल शंका आली नाही?"

"आली."

"मग कुणाला विचारलंत?"

मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. ओवीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. लिहून घेणाऱ्या बाईनं हात थांबवून वर बघितलं, इतका वेळ. मी समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिले.

"नाही," ओवी म्हणाली. "कुणालाच विचारलं नाही."

अहवाल तीन आठवड्यांनी आला. 'काळजी घेणाऱ्या व्यक्तीचं मातृभाषेचं ज्ञान अपुरं असल्यानं सूचनेचा चुकीचा अर्थ लावला गेला.' पट्टी निर्दोष. सूचनेत सौम्य बदल सुचवला होता: 'पट्टी उतरवा.' इतका साधा शब्द. अनसाबाईंनाही चालला असता. आम्हाला दोन वर्षांत सुचला नव्हता, कारण साध्या शब्दासाठी कुणी शाल देत नाही. अहवाल मान्य असल्याची सही, पट्टीच्या सूचना लिहिणाऱ्या भाषा-गटाची प्रमुख म्हणून, मला करायची होती. मी केली.

जूनमध्ये ओवी निनादची रोपवाटिका एका ओळखीच्यांकडे सोपवायला आली. दुपारी जेवणं झाल्यावर ती कपडे बॅगेत भरत होती, तेव्हा मी दारात उभी राहिले आणि महिनाभर मनात दाबलेलं विचारलं.

"तू समितीला खोटं का सांगितलंस?"

तिनं घडी घालायचं थांबवलं नाही. "मी तुझ्याकडे पाहिलं होतं, आई. मला वाटलं, तू बोलशील. मला विचारलं होतं, एवढंच म्हणायचं होतं तुला. मी थांबले होते."

"माझं चुकलं," मी म्हणाले. रडू फुटलं. "ओवी, माझं फार चुकलं. तू विचारलंस आणि मी तुला झिडकारलं. बाबा माझ्यामुळे गेला, तुझ्यामुळे नाही. मी उद्याच समितीला पत्र लिहिते. सगळं लिहिते. तुझं नाव त्यातून काढायला लावते."

ती बॅगेची चेन लावत होती. थांबली.

"आता नको लिहू," ती म्हणाली. "मी शपथेवर नाही म्हटलंय. तू लिहिलंस तर मी खोटी साक्ष दिली असं होईल. परवाना जाईल माझा. ते प्रकरण बंद झालंय, ते तसंच राहू दे. माझ्या नावावर."

ती माझ्याकडे बघत होती. आणि मी, तिची आई, जिच्या चुकीचं ओझं ती आयुष्यभर वाहणार होती, त्या क्षणी मला काय वाटलं ते लपवत नाही. पत्र लिहावं लागणार नव्हतं. कुणाला कळणार नव्हतं. मला हायसं वाटलं.

ते तिला माझ्या चेहऱ्यावर दिसलं. तिनं बॅग उचलली आणि माझ्या बाजूनं, मला धक्का लागणार नाही अशी काळजी घेत, बाहेर गेली.